सहा बोटांचा परवाना

तेहतीस वर्षं तालुका कचेरीत घासली, त्यातली निम्म्याहून जास्त बंदुकांच्या टेबलावर, पण स्वतःच्या हाताने बार उडवला तो एकदाच. तोही थेट मामलेदारांच्या छतात! मामलेदारांना आम्ही रावसाहेब म्हणायचो. ते आत सह्या करत बसले होते, मी त्यांच्या दारातच टेबल टाकलं होतं, आणि समोर डोंगराकडचा एक शेतकरी हात जोडून उभा होता. त्याची ठासणीची बंदूक मी हातात घेतली, नळीवरचा नंबर वाचला, घोडा मागे ओढला आणि चाप दाबला. घोडा नीट पडतो की नाही ते बघायचं असतं, एवढंच मला शिकवलेलं. पुढचं मला ऐकूच आलं नाही. दिसलं ते असं, की रावसाहेबांच्या डोक्यावर कौलांचा चुरा, खोलीभर धूर, आणि कंपाउंडात बसलेली शे-दीडशे माणसं उभी राहिलेली.

भरलेली बंदूक कचेरीत कशी आणलीस, म्हणून मी त्याच्यावर ओरडलो म्हणे. कानात शिट्टी वाजत होती, त्यामुळे मला माझाच आवाज येत नव्हता.

तो अगदी शांतपणे म्हणाला, "रिकामी कशी आनू, भाऊसाहेब? रिकामी बंदूक घेऊन घराभायेर पडत नाय आमच्यात."

रावसाहेबांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "मोरे, नंबर जुळला का?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "मग शिक्का मारा आणि पुढचा बोलवा."

असे ते रावसाहेब आणि असं ते टेबल! छताच्या त्या भोकातून पुढे कितीतरी पावसाळे पाणी गळलं, आणि दर वेळी नवा शिपाई आला की बादली कुठे ठेवायची आणि ते भोक कुणाचं, या दोन गोष्टी त्याला पहिल्या सांगितल्या जायच्या.

यंदा या अंकाच्या संपादकांनी मला विचारलं, की बंदुकीचे कायदे गाव-तालुक्याने आपापले करावेत की सगळ्या देशाचा एकच असावा, यावर तुम्ही काहीतरी लिहा. आता असल्या विषयावर वकिलांनी लिहावं. मी कारकून माणूस. पण दोन्ही पद्धती ज्याच्या टेबलावरून गेल्या असा मी आहे, आणि एकाच गावात एकाच प्रकरणात मला त्या दोन्ही पद्धतींनी तोंडावर पाडलं आहे. तेव्हा तेवढंच सांगतो. गावाचं नाव सांगत नाही, माणसं अजून तिथे राहतात. मी कर्जतला होतो आणि खालापुरातही होतो. यातलं कुठलं कुठे घडलं तेही विचारू नका.

आधी धंदा समजून घ्या. परवाने ढोबळमानाने दोन तऱ्हेचे. एक जिवाच्या रक्षणाचा. तो बागायतदार, पैसेवाले, कारखान्याचे साहेब असल्यांचा, आणि त्याचा कारभार अलिबागला, जिल्ह्याच्या ठिकाणी. दुसरा पिकाच्या रक्षणाचा. तो गरिबाचा आणि तो आमच्या हातातला. त्यावर मिळायची ती ठासणीची एकनळी. वरून दारू ओतायची, चिंधी ठासायची, छर्रे सोडायचे, पुन्हा चिंधी, मग मागे घोड्याखाली ठिणगीची टोपी बसवायची. एवढं सगळं होईपर्यंत डुकराने निघायचं ठरवलंच तर त्याला सावकाश जाता येतं. म्हणून जनावर मारण्यापेक्षा आवाजाला महत्त्व. भाताच्या दाण्यात दूध भरलं की रानडुकरं डोंगरावरून उतरतात. खातात थोडं, लोळवतात फार. दिवस कलताना कळप शेतात शिरला तर सकाळी तिथे चटई अंथरल्यासारखं भात झोपलेलं असतं. बार निघाला की तो कळप चार दिवस त्या अंगाला फिरकत नाही.

आणि दर डिसेंबरात या सगळ्या बंदुका तपासणीला कचेरीत यायच्या. काय दिवस असायचा तो! माणसं पहाटे निघून डोंगर उतरायची, कुणी शिळफाट्यापर्यंत ट्रकने, पुढे चालत. खांद्यावर बंदूक, हातात फडक्यात गुंडाळलेला परवाना, कमरेला भाकरी. शिपाई नाव पुकारायचा, माणूस "हजर" म्हणायचा, मी नंबर आणि माणूस ताडून बघायचो आणि शिक्का मारायचो. मला त्या दिवसाची आदल्या आठवड्यापासून हुरहुर लागायची. बायको म्हणायची, तुमची जत्रा आली वाटतं.

पन्नासच्या दशकात मी टेबलावर बसलो तेव्हा कायदा इंग्रजांचा होता, पण खरा कायदा म्हणजे रावसाहेबांचं डोकं. तालुक्यातला प्रत्येक बंदूकवाला त्यांना तोंडओळखीचा. कुणाचं भावाशी वाकडं, कुणाला पिऊन रस्त्यात पडायची सवय, सगळं पाठ. परवाना द्यायचा की नाही ते माणसाकडे एकदा बघून ठरवायचे. मुंबई-दिल्लीत बसलेल्याला आपला डोंगर काय कळणार, असं ते म्हणायचे आणि मलाही ते पटायचं. धर्मा गायकवाड येईपर्यंत पटायचं.

धर्मा माझ्याच वयाचा. मी दहिवलीचा, तो डोंगराखालच्या त्या गावचा. दोघांचीही घरं छप्पन्ननंतर बौद्ध झालेली. त्याचं दोन एकर भात अगदी रानाला चिकटून. डुक्कर उतरलं की पहिलं पाऊल त्याच्या बांधावर. त्याने तीनदा अर्ज केला आणि तिन्ही वेळा त्यावर त्या गावच्या पोलीस पाटलाचं मत आलं ते एकाच वाक्यात: गरज नाही, गावची बंदूक आहे.

गावची बंदूक म्हणजे काय, तर परवाना राघो नावाच्या एका म्हाताऱ्याच्या नावावर, पण बंदूक सगळ्या गावाची. हंगाम आला की ती पाळीने शेतोशेत फिरायची. पाळी सुरू व्हायची पाटलाच्या शेतापासून, मग त्याचे भाऊबंद, मग बाकीचं गाव, शेवटी बौद्धवाडी. रावसाहेबांना या पद्धतीचं कोण कौतुक. गाव आपलं आपण बघून घेतंय, आपण कशाला मध्ये नाक खुपसायचं, म्हणून तिन्ही अर्जांवर त्यांनी नामंजूर लिहिलं. तिसऱ्या वेळी तो कागद धर्माच्या हातात देताना मी त्याला म्हटलं, की पाळी तुझ्यापर्यंत येतच नाही का?

"येते की," धर्मा म्हणाला. "दरवर्सी येते. भात खळ्यात आल्यावं येते."

हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही.  माझ्या नावापुढे कारकून लागलं होतं, टेबल होतं, शिक्का होता, आणि मला एवढंसुद्धा करता येत नव्हतं.

मग बासष्ट साली नवा कायदा लागू झाला. दिल्लीचा, सगळ्या देशाला एकच! त्याचं पुस्तक कचेरीत आलं तसं मी ते पिशवीत घालून घरी नेलं आणि दोन दिवसांत वाचून काढलं. दिल्लीत बसून लिहिलेल्या कायद्याचं आमच्या घरांमध्ये काय मोल होतं ते मी वेगळं सांगायला नको. वाचता वाचता मी एका जागी थांबलो, उठून उभा राहिलो आणि बायकोला हाक मारली. परवाना नाकारायचा तर अधिकाऱ्याने कारण लेखी लिहायचं होतं. आणि ते कारण पटलं नाही तर अर्जदाराला वर अपील करता येत होतं. बायको म्हणाली, एवढंच ना? अगं, एवढंच! पण या एवढ्याशा गोष्टीवर तीन अर्ज मेले होते.

धर्माचा चौथा अर्ज मी स्वतः लिहिला. पाटलाचं मत ठरल्याप्रमाणे तेच आलं. रावसाहेबांनी नामंजूर लिहायला पेन उचललं आणि मी म्हटलं, रावसाहेब, आता कारण लिहावं लागतं.

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "तुमच्यातला आहे म्हणून इतकी धडपड का, मोरे?"

"आमच्यातलाच आहे, रावसाहेब," मी म्हणालो.  "तुम्ही कारण लिहून द्या, मी ते नेऊन त्याच्या हातात देतो."

त्यांनी पेन कागदावर टेकवलं. लिहिणार काय? पाटलाला नको आहे, हे कारण होत नव्हतं. गावात पाळी आहे, तर पाळी कुठल्याच कायद्यात नव्हती. रावसाहेब माणूस वाईट नव्हता हो. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी पाळी शेवटी कुठे पोचते याचा विचार केला असावा. त्यांनी अर्धी ओळ लिहिली, ती खोडली आणि मंजूर म्हणून सही केली. उद्या सगळ्या तालुक्याला बंदुका वाटत बसू आपण, असं पुटपुटले. मी म्हटलं, ज्याच्या शेतात डुक्कर येतं त्यालाच वाटू.

नवी बंदूक नोंदवायला धर्मा आला तेव्हा त्याची सगळी आळी धुतलेले कपडे घालून बरोबर आली होती. आणि मी, सरकारी माणूस, नंबर लिहिताना माझ्या अक्षराची पार वाट लागली होती. त्या साली धर्माचं भात उभंच्या उभं घरी आलं. मला वाटलं, झालं, जिंकलो. कायदा करावा तर दिल्लीने, आणि गावाने गप्प तो पाळावा! पुढची दहा-बारा वर्षं मी हे ज्याला त्याला ऐकवत होतो.

आता माझ्या शहाणपणाची दुसरी बाजू ऐका.

रावसाहेब निवृत्त झाले. मी अव्वल कारकून झालो. पुढे परवान्यावर माणसाचा फोटो लावायचं फर्मान वरून आलं. तोवर नुसती ओळखीची खूण लिहिलेली असायची: गालावर तीळ, कपाळावर वण, असं काहीबाही. मी पडलो दिल्लीचा भक्त, तेव्हा त्या डिसेंबरात मी प्रत्येकाचा फोटो आणि खूण दोन्ही ताडून बघायला बसलो. शिपायाने राघोचं नाव पुकारलं. "हजर" म्हणून एक चाळिशीचा गडी पुढे आला. फोटो आणला नव्हता. परवान्यावर खूण होती: उजव्या हाताला सहा बोटे.

मी म्हटलं, हात दाखव. त्याने दाखवला. पाच.

सहावं कुठे गेलं, मी विचारलं.

"त्ये आज्याचं व्हतं," तो म्हणाला. काही लपवावं असं त्याच्या मनातच नव्हतं.

हळूहळू सगळं बाहेर आलं. राघो मरून वीसेक वर्षं झाली होती. म्हणजे माझ्या हातून छतात बार उडाला ती बंदूकही हीच, आणि त्या वर्षी राघो म्हणून समोर हात जोडून उभा होता तो तरी राघो होता का? तर तो याचा चुलता. त्याच्यानंतर आणखी दोघे येऊन गेले होते. सगळे राघो म्हणून हजर, सगळ्यांना शिक्का! मी त्याला झापलं, की अरे, मेलेल्या माणसाच्या नावाने उभे राहता, काही वाटत नाही?

त्याला माझाच प्रश्न विचित्र वाटला. "बंदूक ज्याच्या खांद्यावं, त्यो राघो," त्याने मला समजावून सांगितलं. "नाव मानसाचं नाय, भाऊसाहेब. नाव बंदुकीचं हाय."

आणि तेव्हा मला रावसाहेब आठवले. त्यांना तालुक्यातल्या प्रत्येकाचा बाप आणि बापाचा बाप माहीत. राघो मेल्याचं त्यांना माहीत नसेल? माहीत होतं. नंबर जुळला की ते पुढचा बोलवत होते. मी मात्र बंदूक तिथल्या तिथे जप्त केली, पंचनामा केला, पोलिसांत जमा केली. वरून शाबासकीचं पत्र आलं. ते मी घरात सगळ्यांना वाचून दाखवलं, अगदी दोनदा.

पाटील तणतणत आला. मी त्याला नियम ऐकवला, की गावाच्या नावाने परवाना कायद्यात बसत नाही. कुणातरी एका जित्या माणसाचं नाव द्या, शिळफाट्यावर जाऊन त्याचा फोटो काढून आणा, महिन्यात परवाना देतो. मला वाटलं, किती सोपं आहे. पण नाव कुणाचं घालायचं? राघोच्या नावावर होती तोवर बंदूक कुणाचीच नव्हती, म्हणून सगळ्यांची होती. आता ज्याचं नाव लागेल त्याची ती होणार. पाटील म्हणाला माझं, भाऊबंद म्हणाले मग आमचं का नको, राघोच्या घरचे म्हणाले मुळात बंदूक आमची. या भांडणात उन्हाळा गेला, पावसाळा गेला, आणि एकही अर्ज माझ्या टेबलावर आला नाही.

आश्विनात एक दिवस धर्मा कचेरीत आला. बाकावर बसला. मग म्हणाला, डुकरं उतरली आहेत. माझ्या बांधापर्यंत येतात, बार ऐकतात आणि वळून गावाच्या शेतात घुसतात. वरच्या अर्ध्या गावाचं भात झोपलंय.

"काल पाटील आला व्हता," तो म्हणाला. "माझ्या अंगनात बसला. पानी मागितलं, माझ्या घरचं. आनि प्यायला. म्हनतो, धर्मा, आमच्याबी शेतात दोन बार काढ."

त्याच्या परवान्यावर स्पष्ट लिहिलं होतं, की बंदूक फक्त त्याच्या स्वतःच्या जमिनीतल्या पिकासाठी. तो रकाना मीच भरला होता. त्याने विचारलं, की बांध ओलांडला आणि कुणी कळवलं तर? मी म्हटलं, परवाना जाईल, वर खटला होईल, आणि गेलेला परवाना पुन्हा मिळायचा नाही. चार अर्ज करून मिळवलेला परवाना! मग त्याने विचारलं, की नाही ओलांडला तर? 

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी उठून त्या गावाला गेलो. जे बघितलं ते सांगताना अजून लाज वाटते. शेतामागून शेत आडवं. एका लहानशा तुकड्यात एक म्हातारी बसून लोळलेल्या भातातून उभ्या राहिलेल्या लोंब्या विळ्याने वेगळ्या करत होती. ती राघोची सून. मी कोण ते तिला माहीत नव्हतं. पाहुणा समजून तिने मला सांगितलं, की आमची बंदूक व्हती, पन कचेरीतल्या कुन्या मानसानं बोटं मोजून नेली.  माझं शाबासकीचं पत्र घरी ट्रंकेत होतं.

परतताना रस्ताभर मी स्वतःशी भांडत होतो, आणि मोठ्या रस्त्यापर्यंत आलो तेव्हा एकदम डोक्यात लख्ख प्रकाश पडला. रकाना! परवान्याचा नमुना दिल्लीने छापला होता, पण बंदूक कुठल्या क्षेत्रात वापरायची, तो रकाना कोरा सोडला होता. तो तालुक्याने भरायचा. दिल्लीला आमचे बांध माहीत नाहीत हे दिल्लीलाही कळलं असावं. मी आल्या पावली माघारी फिरलो, धर्माच्या पडवीत बसलो आणि कागद लिहायला घेतला. आम्ही खाली सह्या करणारे शेतकरी विनंती करतो, की आमच्या पुढील जमिनींतील पिकांचं रक्षण धर्मा गायकवाड यांनी करावं. खाली एकेका शेताचा सर्व्हे नंबर. सगळं गाव अंगणात गोळा झालं होतं.

पण धर्मा म्हणाला, माझी एक अट आहे. मला वाटलं, आता हा जुना हिशेब काढतो, आणि काढला असता तर मी त्याला अडवलं नसतं.

"पाळी राघोच्या सुनेच्या शेतापासनं सुरू हुईल," तो म्हणाला. "आनि पाटलाच्या शेतात संपल."

 पाटलाने माझ्या हातातून पेन घेतलं आणि सगळ्यांत वर सही केली. मग रांगच लागली, सह्यांची आणि अंगठ्यांची.

सोमवारी मी सकाळीच साहेबांपुढे तो कागद ठेवला. नवे साहेब तरुण, देशावरचे, नियमाला पक्के. दुसऱ्याच्या शेतात कसं, म्हणाले. मी पुस्तक उघडून ठेवलं आणि म्हटलं, साहेब, मनाई कुठे आहे ती दाखवा. नसेल तर रकाना आपला आहे. त्यांनी पुस्तक उलटंपालटं केलं, जेवणाची वेळ झाली तरी उठले नाहीत, मीही उठलो नाही. अखेर त्यांनी सगळे सर्व्हे नंबर त्या रकान्यात घालायला सांगितले. रकाना पुरेना, तर मागे जोडपत्र लावलं. ते घेऊन मी धावत फाट्यावर गेलो, एसटी चुकली, दगडाच्या ट्रकमध्ये बसलो, आणि दिवस मावळायच्या आत तो परवाना धर्माच्या हातात ठेवला. तो पोचल्यावर अर्ध्या तासात राघोच्या सुनेच्या शेतातून पहिला बार निघाला. उभ्या जन्मात बंदुकीचा आवाज इतका गोड मला कधी लागला नाही!

उरलेलं भात वाचलं. जे गेलं ते गेलंच, आणि ते माझ्यामुळे गेलं. पुढे दरवर्षी धर्माच एकटा सगळ्या गावात फिरायचा, कारण परवाना त्याचा आणि फोटो त्याचा. बंदूक दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही, हे मी त्याला बजावून ठेवलं होतं. त्याने ते अखेरपर्यंत पाळलं.

माझ्या निवृत्तीला वर्षभर राहिलं होतं त्या भाद्रपदात धर्मा गेला. दम्याने, चार दिवसांच्या आजारात. मी मातीला जाऊन आलो. नियमाने त्याच दिवशी बंदूक जमा करून घ्यायला हवी होती. पण भात दुधात होतं. मी घरच्यांना म्हटलं, लवकर जमा करा, आणि लवकर म्हणजे कधी ते बोललो नाही. मग डिसेंबर आला. तपासणीच्या यादीतून धर्माचं नाव काढायचं तर माझ्या हातून काही निघेना.

शिपायाने पुकारलं, "धर्मा गायकवाड."

 निम्म्या कंपाउंडाला तो गेल्याचं ठाऊक होतं. मी मान खाली घालून नावावर रेघ मारायला पेन उचललं.

"हजर."

मी वर बघितलं. लोकांमधून वाट काढत पाटील येत होता. ऐंशीच्या घरातला, वाकलेला, खांद्यावर धर्माची बंदूक. टेबलापाशी येऊन त्याने ती माझ्यापुढे आडवी ठेवली. "आदी सांगतो," तो हळूच म्हणाला, "भरलेली हाय."

परवान्यावर धर्माचा फोटो होता, पांढरा सदरा घातलेला. समोर पाटील. हा पाटील या परवान्याचा मालक ठरावा, असं कुठल्याही रकान्यात बसत नव्हतं. सगळी माणसं माझ्याकडे बघत होती.

आता संपादकांना उत्तर देतो. कायदा दिल्लीनेच करावा. गावावर सोडला असता तर धर्माला बंदूक कधीच मिळाली नसती. पण त्यातला एक रकाना कोरा असावा, आणि तो भरणाऱ्याने त्या शेतात एकदा जाऊन यावं. यापुढचं लिहितोय तो माझा कबुलीजबाब आहे. पुढच्याच महिन्यात धर्माच्या सुनेच्या नावाने रीतसर नवा परवाना झाला, फोटोसकट, जोडपत्रासकट. पण त्या दिवशी मी जे केलं ते शुद्ध बेकायदा होतं. पेन्शन कापायची तर खुशाल कापा.

"नाव काय?" मी विचारलं.

"धर्मा गायकवाड."

"जोरात सांगा, पाटील."

म्हाताऱ्याने टेबलाला धरून पाठ सरळ केली, कंपाउंडाकडे तोंड केलं, आणि शेवटच्या माणसापर्यंत जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "मी धर्मा गायकवाड."

मी नळीवरचा नंबर वाचला. जुळत होता. शिक्का मारला आणि पुढचा बोलवला.